संत्र्यांची जकात आणि प्रजासत्ताकाचें साम्राज्य

१९०० सालीं पोर्टो रिको बेटांतील संत्रीं न्यूयॉर्क बंदरांत उतरलीं. डाउन्स नांवाच्या व्यापाऱ्याच्या पेढीनें तीं मागविलीं होतीं. तेथील जकात-अधिकारी बिडवेल यांनीं त्या मालावर ६५९ डॉलर ३५ सेंट जकात आकारली. पेढीनें ती भरली, पण हरकत नोंदवून भरली, आणि रक्कम परत मिळावी म्हणून फिर्याद गुदरली. फिर्यादीचा आधार अगदीं साधा होता. पोर्टो रिको हें बेट आतां अमेरिकेचें झालें आहे, आणि जकातीचे दर देशभर सारखे असावेत असें अमेरिकेची राज्यघटना सांगते. मग फ्लॉरिडाच्या संत्र्यांवर जी जकात नाहीं, ती पोर्टो रिकोच्या संत्र्यांवर कां?

साडेसहाशें डॉलरांच्या या फिर्यादींतून एक फार मोठा प्रश्न न्यायासनापुढें आला. परक्या राजसत्तेविरुद्ध बंड करून जें राष्ट्र जन्मास आलें, त्यास स्वतः परकी प्रजा बाळगतां येईल काय? हा प्रश्न कसा उद्भवला हें समजण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे.

प्रजेची संमति हाच राज्याधिकाराचा पाया, असें १७७६ सालीं अमेरिकनांनीं जगास बजावून सांगितलें. अर्थात् त्यापुढें हें राष्ट्र स्वस्थ बसलें असें नाहीं. मूळच्या रहिवाशांना हुसकून तें पश्चिमेकडे पसरत गेलें. १८४८ मध्यें त्यानें मेक्सिकोचा विस्तीर्ण मुलूख घेतला, आणि १८६७ मध्यें अलास्का रशियाकडून ७२ लाख डॉलरांस विकत घेतला. तथापि नव्या मुलुखांत वसाहत वाढली कीं कालांतरानें त्याचें घटक राज्य व्हावें व तें संघांत बरोबरीच्या नात्यानें बसावें, अशी वहिवाट होती.

१८९० च्या शिरगणतीनंतर, वसाहतीची सरहद्द म्हणून दाखवितां येईल अशी रेषाच आतां उरली नाहीं, असें जाहीर झालें. त्याच वर्षीं कॅप्टन महान यांचा सागरी सत्तेवरील प्रसिद्ध ग्रंथ निघाला. राष्ट्राचें वैभव व्यापारावर, व्यापार आरमारावर, आणि आरमार दूरदूरच्या ठाण्यांवर अवलंबून असतें, असा त्यांच्या विचारांचा इत्यर्थ होता. त्या काळच्या आगबोटी कोळशावर चालत. वाटेंत कोळसा भरण्यास जागा नसेल तर मोठें आरमारहि पंगु होई. इकडे १८९३ च्या मंदींत कारखान्यांचा माल पडून राहिला, आणि कारखानदारांची नजर चीनच्या बाजारपेठेकडे वळली. त्या वाटेवरच हवाई आणि फिलिपाईन हीं बेटें होतीं.

१८९३ च्या जानेवारींत हवाईमधील गोऱ्या मळेवाल्यांनीं व व्यापाऱ्यांनीं राणी लिलिउओकलानी हिला पदच्युत केलें. त्या वेळीं 'बोस्टन' या अमेरिकन लढाऊ जहाजावरील शिपाई होनोलुलूंत उतरलेले होते. अध्यक्ष क्लीव्हलंड यांना हें कृत्य अन्यायाचें वाटलें, व राज्य खालसा करण्याचें त्यांनीं नाकारलें. पांच वर्षांनीं, मॅकिन्ले यांच्या कारकीर्दींत, तें खालसा झालेंच.

मध्यंतरीं क्यूबांत स्पेनविरुद्ध बंड पेटलें होतें. स्पॅनिश सेनापति वेलर यानें खेडुतांना छावण्यांत कोंडलें, आणि तेथें उपासमारीनें व रोगानें माणसें किड्यामुंग्यांसारखीं मेलीं. हर्स्ट व पुलिट्झर यांच्या वर्तमानपत्रांनीं या हकीगतींस तिखटमीठ लावून लोकमत चेतविलें. १५ फेब्रुवारी १८९८ रोजीं हॅवाना बंदरांत 'मेन' हें अमेरिकन जहाज स्फोट होऊन बुडालें. अडीचशेंहून अधिक खलाशी मेले. हा स्फोट स्पेननेंच घडविला, असें लोकांनीं ठरवून टाकलें. १९७६ मध्यें ॲडमिरल रिकोव्हर यांनीं केलेल्या चिकित्सेंत कोळशाच्या कोठारास लागलेली आग हेंच संभाव्य कारण निघालें. पण तोंवर अठ्ठ्याहत्तर वर्षें लोटलीं होतीं.

एप्रिलमध्यें युद्ध सुरू झालें. क्यूबा आपल्या राज्यास जोडणार नाहीं, असें वचन अमेरिकेच्या कायदेमंडळानें आरंभींच दिलें. इतर बेटांविषयीं मात्र वचन नव्हतें. १ मे रोजीं ड्यूई यांनीं मनिलाच्या उपसागरांत स्पेनचें आरमार बुडविलें. १० डिसेंबरच्या पॅरिसच्या तहानें पोर्टो रिको, ग्वाम व फिलिपाईन बेटें अमेरिकेकडे आलीं, आणि फिलिपाईनबद्दल स्पेनला दोन कोटि डॉलर देण्याचें ठरलें. ज्यांच्या देशाचा हा व्यवहार होत होता, त्यांचा वकील अगोंसिलो पॅरिसपर्यंत गेला होता. त्याला बैठकींत कोणी बसूं दिलें नाहीं.

वस्तुतः १२ जून १८९८ रोजींच अगिनाल्दो यानें फिलिपाईनचें स्वातंत्र्य पुकारलें होतें. ४ फेब्रुवारी १८९९ रोजीं त्याच्या व अमेरिकेच्या सैन्यांत लढाई जुंपली, आणि दोनच दिवसांनीं सेनेटनें ५७ विरुद्ध २७ मतांनीं तह मंजूर केला. दोनतृतीयांशांहून हें एकच मत अधिक होतें. मार्क ट्वेन व कार्नेगी यांच्यासारख्यांनीं साम्राज्यविरोधी संघांतून कडाडून विरोध केला, तो व्यर्थ गेला. १९०२ मध्यें युद्ध संपल्याचें जाहीर होईपर्यंत सुमारें ४,२०० अमेरिकन व सुमारें २०,००० फिलिपिनो सैनिक मेले. दुष्काळानें व रोगांनीं मेलेल्या सामान्य लोकांची संख्या दोन लाखांच्या घरांत धरतात. कैद्यांच्या पोटांत बळेंच पाणी ओतून त्यांना बोलतें करीत, अशी साक्ष खुद्द शिपायांनीं सेनेटच्या समितीपुढें दिली. ज्या छावण्यांबद्दल वेलरला दूषण दिलें होतें, तशाच छावण्या बातंगास प्रांतांत अमेरिकन सेनेनें उभारल्या.

दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. १९०१ मध्यें 'थॉमस' या जहाजानें सुमारें ५०० अमेरिकन शिक्षक मनिलाला आणले. शाळा निघाल्या, रस्ते झाले, रोगराईस आळा बसला. परंतु शाळा काढणाऱ्यास राज्य करण्याचा हक्क येतो काय, याचें उत्तर हिंदी माणसास कोणी शिकवावयास नको. ज्या मिस मेयोच्या 'मदर इंडिया' या पुस्तकानें १९२७ सालीं हिंदुस्थान खवळला, तिनें त्यापूर्वीं फिलिपिनो लोक स्वराज्यास पात्र नाहींत असें प्रतिपादणारें पुस्तक लिहिलेलें होतें.

आतां पुन्हां संत्र्यांकडे वळूं. २७ मे १९०१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं निकाल दिला कीं, जकात कायदेशीर आहे. पोर्टो रिको अमेरिकेच्या मालकीचें आहे, पण जकातीच्या कलमापुरतें अमेरिकेंत नाहीं! घरांत घेतलें, पण ओसरीच्या आंत येऊं दिलें नाहीं, असाच त्याचा अर्थ. घटनेच्या बाहेर उभें राहून राज्य करण्याची सत्ता या देशांत कोणालाच नाहीं, अशा आशयाचें भिन्न मत न्यायमूर्ति हार्लन यांनीं नोंदविलें. परंतु निकाल बहुमताचा असतो. एकाच निशाणाखालीं नागरिक आणि प्रजा असे दोन वर्ग नांदूं शकतात, हें त्या दिवशीं कायद्यानें ठरलें.

पुढें फिलिपाईनला स्वातंत्र्य मिळालें, तेंहि निव्वळ न्यायबुद्धीनें नव्हे. १९२९ नंतरच्या मंदींत अमेरिकेंतील बीटसाखरवाले व दूधदुभत्याचे धंदेवाले यांना त्या बेटांची साखर व खोबरेल जकातीवांचून येतें हें खुपूं लागलें. फिलिपाईन परका देश झाला म्हणजे त्याच्या मालावर जकात बसवितां येईल, असा त्यांचा हिशेब होता. १९३४ च्या कायद्यानें स्वातंत्र्याची मुदत ठरली, आणि त्याबरोबरच अमेरिकेंत येणाऱ्या फिलिपिनोंची संख्या वर्षाला ५० वर आणली गेली. ४ जुलै १९४६ रोजीं मनिलांत अमेरिकन निशाण खालीं आलें.

पोर्टो रिको अजून ओसरीवरच आहे. तेथील लोकांना १९१७ मध्यें नागरिकत्व मिळालें. परंतु त्या बेटावर राहणाऱ्यास अध्यक्षाच्या निवडणुकींत मत नाहीं, आणि त्यांच्या प्रतिनिधीस कायदेमंडळाच्या अंतिम मतदानांत भाग घेतां येत नाहीं. हे जुने निकाल मोडीत काढावेत, असें त्याच न्यायालयाचे न्यायमूर्ति गॉर्सच यांनीं २०२२ मध्यें लिहिलें. न्यायालयानें मात्र ते अद्याप मोडीत काढलेले नाहींत. संत्रीं केव्हांच संपलीं. त्यांच्यावरील जकात एक अखंड बेट अजून भरीत आहे.