कडुनिंब आणि चांदी

कडुनिंबाची पाने उकळून काढलेला अर्क सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात मिसळला, की काही तासांत ते पिवळसर तपकिरी होते. पानांतील द्रव्ये चांदीच्या आयनांना इलेक्ट्रॉन देतात आणि मिलिमीटरच्या काही लक्षांशांएवढे चांदीचे कण तयार होतात. तीच द्रव्ये कणांना लपेटून त्यांच्या गुठळ्या होऊ देत नाहीत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील मुरली शास्त्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली हे दाखवून दिले. चांदी जंतुनाशक असल्याने अशा कणांचा उपयोग जखमेच्या पट्ट्यांत व पाण्याच्या गाळण्यांत होऊ शकतो. परंतु पानांतील द्रव्ये ऋतूनुसार बदलतात आणि त्यांबरोबर कणांचे आकारमानही. औषधाला ही लहर परवडत नाही. सांडपाण्यात मिसळलेली चांदी तर ते पाणी शुद्ध करणाऱ्या उपकारक जंतूंनाही मारू शकते, मग ती कडुनिंबाने घडविलेली का असेना.