डोक्यावरची प्रभावळ

मोटारींच्या शर्यती आणि आपला काय संबंध, असं म्हणून लगेच पान उलटू नका. घरात तरुण मुलगा असेल तर रविवारी टीव्हीवर भुंऽऽ करत फिरणाऱ्या त्या बुटक्या गाड्या तुम्हीही पाहिल्या असतील. चारही चाकं उघडी, छत नाही, दार नाही आणि मधल्या खळग्यात ड्रायव्हर असा रुतलेला, की त्याचं फक्त हेल्मेट तेवढं दिसतं. या शर्यतींतली सर्वांत मोठी ती फॉर्म्युला वन. अमेरिकेत तशीच इंडीकार. मुलं गाडीचा वेग बघतात. माझं लक्ष मात्र नेहमी त्या डोक्याकडे जातं. खांद्यापर्यंतचा देह कार्बन फायबरच्या भक्कम कवचात आणि डोकं तेवढं वाऱ्यावर! वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं.

हंगाम सुरू होण्याआधीचे महिने म्हणजे यांचा बदल्यांचा मोसम. झेडपीच्या मास्तरांच्या बदल्यांची यादी लागली की गावात जशी चर्चा होते, तशीच तिथेही. कोण कुठल्या संघात गेला, कोणाची जागा गेली, नवीन पोरगा कोण आला... फॉर्म्युला वनमध्ये जागाच मोजक्या. २०२० साली दहा संघ आणि वीस ड्रायव्हर होते. २०२६ पासून कॅडिलॅकचा संघ आल्यामुळे बावीस झाले. साऱ्या जगातून बावीस! तेव्हा एकाची जागा गेली की ती गेलीच.

२०२० च्या ऑक्टोबरमध्ये अशीच एकाची जागा गेली. रोमाँ ग्रोजाँ त्याचं नाव. फ्रान्सचा, वय चौतीस, घरी बायको आणि तीन लहान मुलं. ‘हास’ नावाच्या संघाने पुढच्या वर्षी तुम्ही नको, असं सांगितलं आणि त्याच्या नि त्याच्या जोडीदाराच्या जागी मिक शूमाकर व निकिता माझेपिन ही तरुण मुलं घेतली. ग्रोजाँच्या तेवढ्या सहा शर्यती उरल्या होत्या. नोकरीतले शेवटचे दिवस म्हणा ना.

त्यातली एक बहारीनला, २९ नोव्हेंबर २०२० ला. पहिलीच फेरी. दुसऱ्या गाडीच्या चाकाला याचं चाक लागलं आणि गाडी तिरकी होऊन ताशी १९२ किलोमीटर वेगाने लोखंडी कठड्यावर आदळली. त्या धक्क्याचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या ६७ पट मोजला गेला. कठड्याच्या आडव्या पट्ट्या फाकल्या, गाडी मधोमध तुटली, मागचा भाग अलीकडे राहिला आणि ग्रोजाँ बसला होता तो पुढचा भाग पट्ट्यांमधून पलीकडे घुसला. पाठोपाठ आगीचा लोळ.

आता विचार करा, कवचाच्या वर उघडं असतं ते ड्रायव्हरचं डोकं. कठड्यात आधी तेच जायचं. पण डोक्याभोवती टायटॅनियमची एक जाड कमान होती. त्या कमानीने पट्ट्या फाकवल्या. याचं डोकं शाबूत राहिलं.

तरी तो आगीत होताच, सत्तावीस सेकंद. नंतर त्याने स्वतःच सांगितलं आहे ते वाचून मी बराच वेळ गप्प बसले होते. उठायला गेला तर डोकं वर अडलं. पुन्हा प्रयत्न केला तर डावा पाय अडकलेला. क्षणभर वाटलं, संपलं. मग निकी लाउडाची आठवण झाली. १९७६ साली जर्मनीत असाच जळता जळता वाचलेला जगज्जेता. नंतर स्वतःची मुलं डोळ्यांसमोर आली. आज मरायचं नाही, असं ठरवून त्याने पाय असा खेचला की बूट आतच राहिला आणि दोन्ही हात जाळात घालून तो वर आला. हातमोजे पातळ असतात, स्टिअरिंग हाताला नीट जाणवावं म्हणून. हात भाजले ते त्यामुळेच. पहिल्या फेरीत सगळ्या गाड्यांच्या मागोमाग डॉक्टरांची गाडी धावते, नवरीच्या पाठराखणीसारखी. त्या गाडीतले डॉक्टर इयन रॉबर्ट्‌स कठड्यापाशी धावले आणि त्याला ओढून घेतलं. त्याची बायकोमुलं तिकडे घरी टीव्हीसमोर बसलेली होती. आगीचा लोळ दिसला, पण माणूस दिसेना. ते सेकंद तिने कसे काढले असतील, देव जाणे. पुढे ग्रोजाँनेच सांगितलं, की त्याच्या एका मुलाची पक्की खात्री आहे, बाबांभोवती प्रेमाची जादूची ढाल होती म्हणून!

त्या ढालीचं खरं नाव ‘हेलो’. फोनवरचं हॅलो नव्हे हं. देवाच्या मूर्तीमागे प्रभावळ असते ना, इंग्रजीत तिला हेलो म्हणतात. मात्र ही प्रभावळ कोणाला नको होती! २०१८ पासून फॉर्म्युला वनमध्ये ती सक्तीची झाली. वजन साधारण सात किलो. तिच्यावर बारा टनांचा भार टाकला तरी ती टिकली पाहिजे, म्हणजे लंडनची दुमजली बस ठेवली तरी. समोर मधोमध एक खांब आणि वरून डोक्याभोवती गोल वळसा. लोकांनी लगेच चेष्टा सुरू केली की ही तर रबरी स्लिपर! (चित्र पाहिलं तर तुम्हालाही तसंच वाटेल, स्लिपरचा पट्टाच.) मर्सिडीज संघाचे प्रमुख टोटो वुल्फ २०१८ च्या नव्या गाडीच्या समारंभात म्हणाले, मला करवत द्या, मी हे कापून टाकतो. खुद्द निकी लाउडानेही विरोध केला. ज्याचा चेहरा जन्मभर आगीच्या खुणा घेऊन वावरला, त्याने! आणि विरोध करणाऱ्या ड्रायव्हरांत आपला ग्रोजाँही होता.

हे वाचलं आणि मला आमच्या महिला मंडळातली हेल्मेटची सभाच आठवली. केस बसतात, मान दुखते, मागचा हॉर्न ऐकू येत नाही, इथल्या इथे तर जायचंय, बाजारात गेल्यावर ते ठेवायचं कुठे... स्कूटीवरच्या आम्ही बायका आणि करोडो रुपये मिळवणारे ते ड्रायव्हर, कारणं सारखीच. एक मात्र म्हणेन, त्यांच्या शंकांतली एक तरी खरी होती. कमानीमुळे गाडीतून बाहेर पडायला वेळ लागतो. पूर्वी पाच सेकंदांत बाहेर येण्याची परीक्षा असे, हेलो आल्यावर सात सेकंद दिली गेली. आग लागली तर दोन सेकंद म्हणजे काय, ते बहारीनला दिसलंच.

मग ही कमान सुचली कशातून? मरणांतूनच. २००९ च्या जुलैत इंग्लंडमध्ये फॉर्म्युला टूच्या शर्यतीत दुसऱ्याच कोणाच्या गाडीचं निखळलेलं चाक उसळून हेन्री सर्टीझच्या डोक्यावर आदळलं. पोरगा अठरा वर्षांचा. बाप, जॉन सर्टीझ, १९६४ चा जगज्जेता. बापाने सगळं आयुष्य या खेळात काढलं आणि सुखरूप राहिला. गेला तो मुलगा. त्यानंतर सहाच दिवसांनी हंगेरीत पुढच्या गाडीची सुटलेली स्प्रिंग ब्राझीलच्या फेलिपे मासाच्या हेल्मेटवर डोळ्याच्या वर बसली. त्याची बायको तेव्हा गरोदर होती. तो वाचला, पण तो हंगाम गेला. २०१५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत पोकोनोच्या इंडीकार शर्यतीत अपघात झाला दुसऱ्याच गाडीचा, तिचं नाक तुटून उडालं आणि मागून येणाऱ्या जस्टिन विल्सनच्या डोक्याला लागलं. दुसऱ्या दिवशी तो गेला. सदतीस वर्षांचा, दोन मुलींचा बाप. या तिघांपैकी कोणाची काही चूक होती का? दुसऱ्याच्या गाडीचा तुकडा, आणि कपाळ यांचं!

इंडीकारने २०२० पासून वेगळा उपाय केला. तिथे कमानीपुढे जाड पारदर्शक काचही आली. ती साधी काच नव्हे, पॉलिकार्बोनेटचे थर. तिला म्हणतात एरोस्क्रीन. वर धुकं धरू नये म्हणून आत तापवणारी तार, कचरा-तेल उडालं की ओढून काढता येईल असा वरचा पातळ पापुद्रा. एक गैरसोय झालीच. पूर्वी तोंडावर येणारा वारा बंद झाला आणि आत उकाडा वाढला. मग हवा आत घेणारी तोटी बसवली, हेल्मेटला गार हवेची नळी जोडली. खिडकी बंद केली तर झरोका ठेवावाच लागतो, हे कोणत्याही गृहिणीने सांगितलं असतं. पण त्याच वर्षी जुलैत आयोवाला एक गाडी चक्क दुसरीच्या अंगावर चढली आणि दोन्हीतले तरुण आपल्या पायांनी चालत बाहेर आले.

तिकडे ग्रोजाँने बहारीनच्या इस्पितळातून, दोन्ही हातांना पट्ट्या बांधलेल्या असताना, आपण हेलोच्या विरोधात होतो पण ती नसती तर आज बोलायला उरलो नसतो, असं जाहीर सांगितलं. मोठ्या मनाचा माणूस! आठवड्याने त्याच गावी फॉर्म्युला टूची शर्यत आपल्या मुंबईच्या जेहान दारूवालाने जिंकली, असा मान मिळवणारा तो पहिला भारतीय. त्याच्याही डोक्यावर हेलो होतीच. आपल्या वर्तमानपत्रांत बातमी जिंकल्याची आली, ते साहजिकच आहे. माझ्या मनात मात्र आलं, मागच्याच रविवारची आग पाहिलेल्या त्याच्या आईने ही शर्यत कशी पाहिली असेल?

आता पुन्हा बदल्यांच्या मोसमाकडे. २०२१ च्या फेब्रुवारीत बातमी आली की ग्रोजाँ इंडीकारमध्ये डेल कॉइन यांच्या संघाकडून उतरणार. पण एका अटीवर. इंडीकारच्या काही शर्यती लंबगोल ट्रॅकवर होतात. सतत डावीकडे वळण, बाजूला भिंत, आणि इंडियानापोलिससारख्या ठिकाणी वेग ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या वर. त्या शर्यती मी करणार नाही, असं त्याने सांगितलं. कारण? घरी तीन मुलं आहेत आणि बायकोला ते सत्तावीस सेकंद एकदा भोगावे लागले आहेत. नोकरीच्या करारात घरचा असा विचार उघडपणे मांडणारे पुरुष मला फार भेटलेले नाहीत, म्हणून हे विशेष वाटलं. त्याच वर्षी अमेरिकेतला सात वेळचा विजेता जिमी जॉन्सन हाही इंडीकारमध्ये आला, दोन मुलींचा बाप, आणि लंबगोल ट्रॅक नको म्हणणारा. मग त्याच्या गाडीत त्या शर्यतींपुरता टोनी कनान बसायचा. ग्रोजाँच्या गाडीत पिएत्रो फिट्टिपाल्डी. गंमत बघा, बहारीनच्या अपघातानंतर ‘हास’मधल्या त्याच्या रिकाम्या जागीही हाच पिएत्रो बसला होता.

आणि मग दोघांनीही विचार बदलला. कोणी जबरदस्ती केली म्हणून नव्हे. ग्रोजाँने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सेंट लुइसजवळच्या गेटवे ट्रॅकवर पहिली लंबगोल शर्यत केली. जॉन्सनने आधी चाचणी घेऊन पाहिली, एरोस्क्रीन आल्यापासून आपल्याला हे जमण्यासारखं वाटतं, असं सांगितलं आणि २०२२ मध्ये सगळा हंगाम केला. पाचशे मैलांची इंडियानापोलिसची शर्यतही. ग्रोजाँही तिथे होता.

त्या फेब्रुवारीत त्याच्या डाव्या हातावरचे भाजल्याचे व्रण अजून ताजे होते. करारावर सही करण्याआधी त्या घरात किती रात्री बोलणी झाली असतील, कोण रडलं असेल, कोण रुसलं असेल, ते बातमीत कुठेच नव्हतं. बातमीत होतं ते एवढंच, की तेरा शर्यती करणार आणि लंबगोल ट्रॅकवर उतरणार नाही.