फांदीवरचा कोसा मेलेला नसतो

माघ पौर्णिमेच्या सुमारास कचारगडच्या यात्रेला जाणाऱ्यांनी वाटेवरच्या ऐनाच्या झाडांकडे जरा थांबून पाहावं. पानं झडत आलेल्या फांदीला लहान अंड्याएवढं, करडं-पिवळट, टणक काहीतरी लोंबताना दिसलं, तर बहुतेकांना ते वाळकं फळ वाटतं, नाहीतर मेलेल्या किड्याचं टरफल. तो टसर पतंगाचा कोसा असतो आणि आतला कोष जिवंत असतो. हिवाळा-उन्हाळा तो निश्चल पडून काढतो आणि पावसाळ्याच्या तोंडावर पतंग होऊन बाहेर येतो. पानगळीत कोसाही का गळून पडत नाही? कारण विणायला बसण्याआधीच अळी रेशमाचा चिवट देठ तयार करते आणि त्याची कडी डहाळीभोवती आवळून टाकते. पान गेलं तरी कडी सुटत नाही. या जीवाची मला सर्वांत थोर वाटणारी करामत हीच.

पतंग कोसा कुरतडून बाहेर पडतो, असं सर्रास सांगितलं जातं. त्याला कुरतडायला जबडेच नसतात. तो तोंडातून एक पाचक द्रव सोडतो, त्याने धाग्यांना जोडणारा डिंक मऊ होतो आणि धागे बाजूला सारत तो वाट काढतो. पुढे तो काहीच खात नाही. अळी असताना साठवलेल्या शिदोरीवर जेमतेम आठवडाभर जगतो. नराच्या पिसांसारख्या रुंद मिशा अंधारात मादीचा गंध दुरून टिपतात. कपड्यांना भोकं पाडणारी कसर ही वेगळ्याच, इवल्याशा पतंगाची अळी; तिचं पाप टसरच्या माथी मारू नये. पंखांच्या भुकटीने डोळे जातात, हीही निव्वळ भीती. ती भुकटी म्हणजे बारीक खवले.

आणि रेशीम म्हणजे तुतीच, हेही खरं नाही. तुतीचा किडा माणसाच्या आधाराशिवाय जगू शकत नाही. टसरची अळी मात्र ऐन-अर्जुनाच्या झाडावर, उघड्या रानात वाढते. गडचिरोलीत आरमोरीकडची ढिवर कुटुंबं पक्षी-मुंग्यांपासून तिची राखण करतात. भंडारा जिल्ह्यातल्या आंधळगावचं कोसा कापड याच धाग्याचं.

म्हणून कचारगडच्या जंगलात कोसा दिसला, तर डोळे भरून पाहा, पण आठवण म्हणून तोडून नेऊ नका. त्यातून मादी निघाली, तर ती शे-दोनशे अंडी घालू शकते.