मोटरहोमच्या मागे कार बांधून फिरायचंय? मग चावी हातात घेण्याआधी हे गणित बघाच

अमेरिकेच्या हायवेवर एक सीन हमखास दिसतो. पुढे बसएवढं मोटरहोम आणि मागे त्याला बांधलेली, आत कुणीच नसलेली कार. तीही चारही चाकांवर पळतेय.

कारण सोपं आहे. मोटरहोम कॅम्पग्राउंडला लागलं की त्याला वीज, पाणी आणि सांडपाण्याचे पाइप जोडले जातात. मग दूध आणायला हे सगळं सोडून एवढं धूड कोण बाहेर काढणार? म्हणून छोटी कार सोबत न्यायची.

पण कारचा विचार आधी केला नाही, तर पहिल्याच ट्रिपला मोठा खर्च अंगावर येऊ शकतो.

कार ओढता येते का?

बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांत गिअरबॉक्सला ऑइल पुरवणारा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद ठेवून गाडी ओढली की चाकांसोबत गिअरबॉक्समधले भाग फिरतात, पण ऑइल पोचत नाही. ते तापतात आणि गिअरबॉक्स कामातून जातो.

होंडा सीआर-व्हीचंच बघा. अमेरिकेत २०१४ च्या मॉडेलपर्यंत ती अशी ओढता यायची. २०१५ च्या मॉडेलला सीव्हीटी गिअरबॉक्स आला आणि ही सोय गेली. फोर बाय फोर जीप रँग्लरमध्ये मात्र ट्रान्सफर केस न्यूट्रलला टाकता येते. त्यामुळे 'शेजाऱ्याची चालते' याला अर्थ नाही. आपल्या मॉडेलच्या, त्याच वर्षाच्या मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच खरं.

वजन झेपतं का?

समजा हिचवर ५,००० पाऊंड लिहिलंय. मोटरहोमचं सामानासकट कमाल वजन २२,००० पाऊंड आणि मोटरहोम व कार मिळून कमाल मर्यादा २६,००० पाऊंड. म्हणजे मोटरहोम पूर्ण भरलेलं असेल, तर कारसाठी उरले फक्त ४,०००. चार दरवाज्यांची रँग्लर याच्या पुढे जाते. म्हणजे हिचला झेपेल, पण मोटरहोमच्या इंजिनाला आणि ब्रेकला झेपणार नाही.

मागची कार थांबणार कशी?

ओढलेल्या कारचे ब्रेक आपोआप लागत नाहीत. त्यासाठी कारमध्ये वेगळी ब्रेक यंत्रणा बसवतात. टो बार तुटलाच, तर कार पूर्ण सुटू नये म्हणून सेफ्टी चेन असतात. त्याही तुटल्या, तर ब्रेकअवे स्विच कारचे ब्रेक लावतो. शिवाय कारचे मागचे दिवे मोटरहोमच्या दिव्यांसोबत लागायला हवेत. कारला पुढे बेस प्लेट बसवण्याचं कामही आधीच उरकावं लागतं.

ताबा घेताना काय बघायचं?

घाई करायची नाही. पाण्याचे नळ, गॅस, फ्रीज, एसी, बाहेर सरकणाऱ्या खोल्या, सगळं चालवून बघायचं. पहिली रात्र डीलरच्या जवळच काढली, तर बिघाड लगेच दाखवता येतो. कार जोडण्याचा सराव मोकळ्या मैदानात करायचा.

आणि एक नियम पाठच करायचा, कार जोडलेली असताना रिव्हर्स घ्यायचा नाही. मागच्या कारची पुढची चाकं भलतीकडे वळतात आणि टो बार वाकू शकतो. म्हणून पेट्रोल पंपावर वळतानाच बघायचं, पुढून बाहेर पडायला रस्ता आहे ना?