बिट, बाइट आणि तारेवरचा वेळ

एखाद्या सहकारी पेढीचे जुने दप्तर ९.१ गिगाबाइटच्या चकतीवर साठविलेले आहे आणि ते तारेवाटे दूरच्या मुख्य कचेरीत पाठवावयाचे आहे, अशी कल्पना करावी. लाइन '२ मेगाची' असल्याचे करारात लिहिलेले असते. हिशेबनीस ९,१०० मेगास दोनाने भागतो. उत्तर येते ४,५५० सेकंद, म्हणजे सव्वा तास. मध्यरात्री प्रारंभ केला तर दीडच्या आत काम आटोपेल, असे तो व्यवस्थापकांना सांगतो. सकाळी दहाला खिडकी उघडते, लोक पासबुके घेऊन उभे राहतात, आणि दप्तराचा शेवटचा भाग अद्याप वाटेतच असतो. भागाकार बिनचूक होता. मात्र भाज्य एका मापातले आणि भाजक दुसऱ्या मापातला होता.

माहितीचा सर्वांत लहान कण म्हणजे बिट. त्यात शून्य किंवा एक, एवढेच मावते. क्लॉड शॅनन यांनी १९४८ च्या आपल्या निबंधात हा शब्द वापरला आणि त्याचे श्रेय जॉन ट्युकी यांना दिले. बाइट हा शब्द १९५६ मधील, आयबीएमच्या वेर्नर बुखहोल्ट्झ यांचा. प्रारंभी बाइट आठच बिटांचा असे असे नाही. आपल्याकडे मणाचे वजन जसे प्रांतोप्रांती बदले, तसेच यंत्रायंत्रांतून बाइटचे माप बदलत असे. १९६४ नंतर आठ बिटांचा बाइट रूढ होत गेला. दूरसंचाराचे अभियंते मात्र संदिग्धता नको म्हणून आजही 'ऑक्टेट', म्हणजे आठांचा गट, हाच शब्द पसंत करतात. त्यांची ही खबरदारी मुळीच अनाठायी नाही.

तारेवरून बिट एकामागून एक जातात, म्हणून तारेचा वेग बिटांत मोजणे स्वाभाविक होय. त्यातील आकडे मानवी आवाजातून आले आहेत. टेलिफोनवरील आवाजाचे सेकंदास ८,००० नमुने घेतात व प्रत्येक नमुना आठ बिटांत लिहितात; एका संभाषणास ६४,००० बिट लागतात ते यामुळे. अमेरिकेत बेल कंपनीने १९६२ मध्ये अशी २४ संभाषणे एका वाहिनीवर चढविली. जुळणीचे ८,००० बिट मिळवून त्या टी-१ वाहिनीचा वेग १.५४४ मेगाबिट झाला. युरोपने ३२ कप्पे घेतले, ती २.०४८ मेगाबिटांची ई-१. भारतानेही हीच पद्धत स्वीकारली. पेढीची '२ मेगाची' लाइन ती हीच. तिचा एक कप्पा जुळणीतच खर्ची पडत असल्याने माहितीसाठी १.९८४ मेगाबिट उरतात.

चकतीच्या जोडणीचे तसे नव्हते. १९८६ मध्ये प्रमाणित झालेल्या स्कझी जोडणीत माहितीच्या आठ तारा शेजारी शेजारी असत आणि प्रत्येक ठोक्यास एक संपूर्ण बाइट पलीकडे जाई. सेकंदास पन्नास लाख ठोके, म्हणजे ५ मेगाबाइट. पुढे तारा दुप्पट झाल्या, ठोके वाढले, आणि अल्ट्रा-३२० पर्यंत मजल गेली. पण मोजणी बाइटांतच राहिली. बाइटांचे बिट करताना आठाने गुणावे, बिटांचे बाइट करताना आठाने भागावे, हा सर्वसाधारण नियम.

त्याला अपवाद आहेत. सुमारे २००३ मध्ये चकत्यांसाठी साटा ही नवी जोडणी आली, तेव्हा चकतीही तारेप्रमाणे एकामागून एक बिट पाठवू लागली. तिचा वेग १.५ गिगाबिट. आठाने भागल्यास १८७.५ मेगाबाइट येतात, पण प्रत्यक्षात मिळतात १५०. कारण या जोडणीत प्रत्येक आठ बिटांना दहा बिटांचा वेष चढवूनच पाठवितात, म्हणजे घेणाऱ्या टोकास ताल चुकत नाही. येथे भागावयाचे ते दहाने. जुन्या मोडेमचीही तीच गोष्ट: प्रत्येक अक्षरापुढे एक आरंभाचा व मागे एक शेवटचा बिट, म्हणून २,४०० बिटांच्या मोडेमवरून सेकंदास २४० अक्षरे.

आणखी एक खोच सहस्राची आहे. तारेवर किलो म्हणजे १,००० च. संगणकाच्या स्मृतीत मात्र तो पुष्कळदा १,०२४ चा धरतात. फ्लॉपीवरील '१.४४ मेगाबाइट' हा आकडा तर या दोहोंची खिचडी आहे: १.४४ गुणिले १,००० गुणिले १,०२४, म्हणजे १४,७४,५६० बाइट. अशी फ्लॉपी ६४,००० बिटांच्या लाइनवरून जावयास तीन मिनिटे चार सेकंद लागतात, आणि एवढ्यात फरक जाणवत नाही. परंतु किलोत २.४ टक्के असलेली ही तफावत मेगात ४.९ आणि गिगात ७.४ टक्के होते. चकती विकणारे गिगा सहस्राचाच मोजतात, हे पेढीच्या हिशेबात सोयीचे ठरते.

तो हिशेब आता असा. ९.१ गिगाबाइट म्हणजे ७२.८ गिगाबिट. त्यास १.९८४ मेगाबिटांनी भागल्यास सुमारे ३६,७०० सेकंद येतात, म्हणजे दहा तास बारा मिनिटे. इंटरनेटच्या रीतीने माहिती पाकिटांतून पाठविल्यास १,५०० बाइटांच्या पाकिटातील ४० बाइट पत्त्यात व क्रमांकात जातात. त्यामुळे काम साडेदहाच्या आसपास पोहोचते. पेढीने ते शनिवारी रात्री हाती घ्यावे.

अल्ट्रा-३२० जोडणीचे ३२० मेगाबाइट तारेच्या भाषेत मांडले तर २,५६० मेगाबिट होतात. तेवढ्यास १,२५० ई-१ वाहिन्या पुऱ्या लागतील, आणि शहराशहरांना जोडणारी २,४८८.३२ मेगाबिटांची प्रकाशतंतूची एसटीएम-१६ वाहिनीही किंचित अपुरी पडेल. अर्थात हा आकडा जोडणीचा, चकतीचा नव्हे. एकाच जोडणीवर पंधरा चकत्या बसत आणि त्या तो वेग वाटून घेत. एकट्या चकतीला तो कधीच गाठता येत नसे.