कूलंटचा रंग पाहू नका, लेबल वाचा

आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला, नळाचं पाणी भरा, असं सांगणारे अजून भेटतात. त्यात एक गोष्ट खरी आहे: उष्णता वाहून नेण्यात निव्वळ पाणी कूलंटपेक्षा सरसच आहे. पण एथिलीन ग्लायकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं मिसळलं, की उत्कलनबिंदू 100 वरून साधारण 107 अंशांवर जातो आणि रेडिएटरच्या झाकणाच्या दाबाखाली सव्वाशेच्याही पुढे. मे महिन्यात भरल्या गाडीनं खंबाटकी चढताना हीच वाढ कामी येते.

त्याहून मोठं काम गंजरोधक रसायनांचं आहे. हेड ॲल्युमिनियमचं, ब्लॉक कित्येकदा बिडाचा. दोन धातू एकाच पाण्यात राहिले की गंजायला वेळ लागत नाही. त्यात बोअरवेलचं पाणी घातलं, तर क्षारांचा थर आतून बसतो आणि क्लोराइड ॲल्युमिनियमला खातं. म्हणून कॉन्सन्ट्रेट घेतलं तर त्यात डिस्टिल्ड किंवा डीएम वॉटरच मिसळावं. कॉन्सन्ट्रेट तसंच निव्वळ ओतणंही चूक, कारण त्यानं उष्णता कमी वाहून नेली जाते. रेडी मिक्समध्ये मात्र वरून पाणी घालू नये.

‘हिरव्यात हिरवं, गुलाबीत गुलाबी’ हा नियम सर्वांत फसवा. रंग निर्माता हवा तो टाकतो. आतलं रसायन त्यावरून कळत नाही. जपानी गाड्यांच्या कूलंटमध्ये सहसा फॉस्फेट असतं, सिलिकेट टाळलेलं असतं. युरोपातल्या बहुतेक कंपन्यांचा कल नेमका उलटा, कारण तिथल्या जड पाण्यात फॉस्फेटचा थर साचतो. दोन्ही बाटल्या गुलाबी असू शकतात! भलती जोडी जमली, तर गंजरोधक लवकर संपतं, कधी गाळही धरतो. म्हणून गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं स्पेसिफिकेशन लेबलवर आहे का, हे पाहावं.

गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला तर मुळीच मानू नये. इंजिन नेमक्या तापमानाला पोचलंच नाही, तर इंधन जास्त जळतं, झीज वाढते, आणि तापण्याचं खरं कारण तसंच राहतं.

गळती बंद करणारं स्टॉप-लीक फार तर घर गाठण्यापुरतं. त्यातले कण छिद्र ओळखत नाहीत. रेडिएटरच्या आणि हीटरच्या बारीक नळ्याही तेच बुजवतात. कूलंट वारंवार उतरत असेल, तर प्रेशर टेस्ट करून होज, वॉटर पंप, हेड गॅस्केट तपासून घ्यावं. पाण्याचा पृष्ठताण कमी करणारी ॲडिटिव्ह रेसच्या ट्रॅकवर उपयोगी पडतात, कारण सांडलेलं ग्लायकॉल निसरडं म्हणून तिथे अनेकदा साधं पाणीच वापरावं लागतं. रोजच्या गाडीत, ग्लायकॉल असताना, त्यावर पैसे घालवू नयेत.

आणि जुनं कूलंट काढलं, तर ते उघड्यावर ठेवू नका, गटारातही ओतू नका. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं; कुत्री-मांजरं ते चाटतात, लहान मुलंही तोंडाला लावू शकतात.