सामायिक एक्सेल पत्रकांतील मॅक्रो : अंतर्गत गुणनोंदणीच्या संदर्भात एक विवेचन

प्रास्ताविक :
शिंदखेड्यासारख्या तालुक्याच्या गावातील महाविद्यालयास सत्राअखेर अंतर्गत मूल्यमापनाचे गुण जळगाव येथील कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाकडे मुदतीत सादर करावे लागतात. एका वर्गास चार-पाच विषयांचे प्राध्यापक असतात. गुण प्रत्येकाजवळ वेगळे आणि पत्रक मात्र एकच. कागदी पत्रक हातोहात फिरत असे आणि ज्याच्या हाती कागद, त्यालाच लिहिता येई. पत्रक संगणकावर सामायिक झाले आणि हा आपोआप पाळला जाणारा क्रम मोडला. त्यातच मॅक्रोची भर पडली की काय घडते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

मॅक्रो व सामायिक पत्रक :
वारंवार करावयाच्या कृतींची नोंदवून ठेवलेली मालिका म्हणजे मॅक्रो. एक्सेलमध्ये तो व्हीबीए या भाषेत लिहिला जातो; ही सोय १९९३ पासून उपलब्ध आहे. बेरीज करणे, नावे अकारविल्हे लावणे, अनुत्तीर्णांच्या ओळी रंगविणे ही कामे तो क्षणार्धात करतो. मात्र मॅक्रोची रचनाच मुळी एका संगणकावर एक व्यक्ती काम करीत आहे, या गृहीतकावर उभी आहे.

एक्सेलच्या जुन्या ‘शेअर वर्कबुक’ पद्धतीत हे गृहीतक उघडे पडते. पत्रक सामायिक केल्यावर त्यात नवा मॅक्रो नोंदविता वा बदलता येत नाही. आधीचा चालविता येतो, पण सेल एकत्र करणे, पत्रकाचे संरक्षण काढणे वा लावणे अशा वर्ज्य कृतीपाशी तो अडतो. एकट्याने चाचणी घेताना निर्दोष चाललेला मॅक्रो सर्वांसमोर बंद पडतो तो यामुळे.

मॅक्रो बंद पडला तर निदान कळते. खरा धोका तो सुरळीत चालण्यात आहे. समजा, एका प्राध्यापकांनी सतराव्या ओळीतील विद्यार्थ्यापुढे ३४ गुण लिहिले, पण पत्रक अद्याप जतन केलेले नाही. तेवढ्यात दुसऱ्यांनी मॅक्रो चालवून नावे अकारविल्हे लावली आणि पत्रक जतन केले. आता सतराव्या ओळीत दुसराच विद्यार्थी आहे. पहिल्यांनी जतन करताच ३४ गुण त्या दुसऱ्याच्या नावापुढे बसतात. एकाच सेलमध्ये दोघांनी बदल केला असेल तर कोणाचा बदल ठेवावा, अशी पृच्छा एक्सेल करते. पण ‘जतन होणारे बदल ग्राह्य’ हा पर्याय निवडलेला असेल तर तेही विचारले जात नाही. गुणांचा स्तंभ आधी रिकामा असेल तर असा विरोध उद्भवेलच असे नाही. प्रस्तुत लेखकाच्या स्वतःच्या एका मॅक्रोने अशी अदलाबदल केली होती आणि ती उघडकीस आणली एका विद्यार्थिनीने, गुणपत्रक हाती पडल्यानंतर. शिवाय मॅक्रो चालला की एक्सेलमधील ‘अन्डू’ची यादी पुसली जाते, मागे परतण्याचा सोपा मार्ग उरत नाही.

नव्या पद्धती :
मायक्रोसॉफ्ट ३६५ मधील सहलेखनात बदल जवळजवळ तत्काळ सर्वांना दिसतात व जुन्या आवृत्त्याही परत मिळविता येतात. मॅक्रो असलेली फाइल येथे सामायिक करता येते. परंतु ब्राउझरमधील किंवा भ्रमणध्वनीवरील एक्सेल व्हीबीए चालवीत नाही. निम्मे सहकारी भ्रमणध्वनीवर गुण भरीत असतील, तर मॅक्रोने करावयाची तपासणी त्यांच्यापुरती अस्तित्वातच नसते. २०२२ पासून इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतील मॅक्रो मुळातच रोखले जातात, हेही ध्यानात घ्यावे. गूगल शीट्समध्ये २०१८ पासून मॅक्रो नोंदविता येतात. तेथील ‘लॉक’ची सोय दोन मॅक्रो एकाच वेळी चालू देत नाही, हाताने लिहिणाऱ्यास मात्र ती अडवीत नाही.

मराठीची एक अडचण :
व्हीबीएच्या संपादकात देवनागरी अक्षरे टिकत नाहीत, त्यांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात. ‘उत्तीर्ण’ हा शब्द मॅक्रोमध्ये लिहिता येत नाही. यावर साधा उपाय असा की असे शब्द वेगळ्या पत्रकातील ठरावीक सेलमध्ये लिहावेत आणि मॅक्रोने ते तेथून वाचावेत.

व्यवहार्य रचना :
लेखकाच्या मते गुण भरण्याची फाइल मॅक्रोविरहित ठेवावी. प्रत्येक विषयास स्वतंत्र पत्रक द्यावे व ते त्या-त्या प्राध्यापकांनीच भरावे. मॅक्रो वेगळ्या फाइलमध्ये, एकाच समन्वयकाकडे असावा. त्याने नोंदणी संपल्यावर मूळ फाइलची प्रत घेऊन तीवरच काम करावे. गुण शोधताना ओळीच्या क्रमांकावर विसंबू नये. विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक हाच आधार असावा. मग नावे कोणत्याही क्रमाने लावली तरी गुण आपल्या विद्यार्थ्याजवळच राहतात. जुन्या पद्धतीचे सामायिक पत्रक वापरणे अपरिहार्य असेल, तर फाइल आणखी कोणाकडे उघडी आहे हे मॅक्रोने आधी तपासावे (व्हीबीएतील ‘यूझरस्टेटस’ ही माहिती देते) आणि तशी ती असल्यास काही न करता थांबावे.

पडताळणीसाठी अनेक जण स्तंभाची एकूण बेरीज ताडून पाहतात. दोन विद्यार्थ्यांचे गुण आपसांत बदलले तरी ही बेरीज तीच राहते. म्हणून नोंदणी क्रमांक व गुण ही जोडीच मूळ पत्रकाशी ताडली पाहिजे, आणि अंतिम पत्रकाची छापील प्रत त्या-त्या विषयाच्या प्राध्यापकांनी आपल्या उत्तरपत्रिकांशी पडताळून मगच स्वाक्षरी करावी.